ओंटारियोची (कॅनडाचा प्रांत) २०२५ची निवडणूक : मंडळाच्या सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

जून २०२६ मध्ये व्हायची प्रांतिक निवडणूक आता गुरुवारी, २७ फेब्रुवारी २०२५ रोजीच झाली. मतदान सकाळी ९ ते रात्री ९ होतं, प्रांताच्या विधानसभेच्या जागा १२४. मुख्य पक्ष चार (कंसात तेव्हाचे नेते): प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह (डग फोर्ड), एनडीपी म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी (मारिट स्टाइल्स), लिबरल (बॉनी क्रॉम्बी), ग्रीन (माइक श्राइनर).

मत फक्त १८ पूर्ण झालेल्या कॅनेडियन नागरिकांना. पीआरवाल्यांना (पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे कायम रहिवासी पण नागरिक नसलेले) नाही, दरवेळी कुणीतरी विचारतंच! नाव आणि सध्याचा पत्ता असलेला पुरावा न्या, ड्रायव्हिंग लायसन्स चालेल. घर बदललं असेल तर त्यावरचा पत्ता आधी बघा. बर्फाचा भरवसा नव्हता, त्यामुळे ज्येष्ठांनी २० ते २२ फेब्रुवारीला आगाऊ मतदान उरकून घेतलेलं बरं होतं.

मंडळाचा कुठल्याच पक्षाला पाठिंबा नाही. प्रचाराचे फॉरवर्ड कृपया इथे टाकू नयेत.

– कार्यकारिणी