नानांचे अर्धे शेरे

प्रिय नंद्या,

दिवाळीत तुझा फोन येऊन गेला, मी उलट केला नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. इकडे सगळे बरे आहेत, आईची साखर आटोक्यात. पण आज लिहितोय ते वेगळ्याच कारणाने. घरात कुणाला सांगावं तर कळणार नाही.

आपण दोघांनी केलेली वाचनालयाची साइट नव्या सर्व्हरवर हलवली. जुन्यावर साइटची भाषा, पीएचपी, अजून ५.६ आवृत्तीची होती, जिचा सपोर्ट २०१८ च्या डिसेंबरातच संपला. नव्यावर ८.२ आहे. साइट उघडली तर पांढरं पान. लॉगमध्ये पाहिलं तर डेटाबेसला जोडणारं 'मायएसक्यूएल_कनेक्ट' हे फंक्शनच सापडत नाही म्हणे. ते होणारच होतं, ७.० पासून ती सगळी फंक्शनं काढून टाकली आहेत. सगळीकडे त्यांच्या जागी मायएसक्यूएलआय घातलं, 'ईच' होतं तिथे फॉरईच केलं. इथवर नुसती हमाली.

मग यादी रिकामी यायला लागली. एरर एकही नाही! शोधता शोधता तुझ्या फाइलवर आलो. तुलनेला दोन बरोबरची चिन्हं (सैल तुलना) की तीन (काटेकोर), यावरून आपण कॅन्टीनमध्ये भांडलो होतो आणि विज्या मधल्या मध्ये दोघांचे वडे खाऊन गेला होता, आठवतंय? तू दोन चिन्हांनी विषयाची तुलना शून्याशी केलीस, आणि विषयात येतो 'ऑल' हा शब्द. जुनं पीएचपी कुठल्याही शब्दाला शून्य मानायचं, म्हणून सगळी पुस्तकं दिसायची. ८ पासून ते मानत नाही. तेव्हा तू 'चालतंय ना?' म्हणाला होतास. चाललं बाबा, इतकी वर्षं चाललं. आता तीन चिन्हं घातली आहेत आणि ती राहणार.

खरा घोर पुढेच आहे. पुस्तकं दिसली, पण एकही अक्षर मराठी नाही. अक्षरं साठवायची पद्धत (एन्कोडिंग) आपल्या टेबलची लॅटिन१, तेव्हाच्या कनेक्शनचीही लॅटिन१, त्यामुळे बाइट्स जसेच्या तसे आत जायचे आणि तसेच बाहेर यायचे. नवं कनेक्शन यूटीएफ८एमबी४ या दुसऱ्या पद्धतीचं, ते मध्ये रूपांतर करतं आणि एकेका अक्षराची तीन-तीन चिन्हं होतात. यावर उपाय आहे: कॉलम आधी बायनरी करायचा, मग यूटीएफ८एमबी४. पुस्तकांची नावं, लेखक, सगळं झटक्यात सरळ झालं. नानांच्या नोंदींच्या 'शेरा' कॉलमवर मात्र डेटाबेस अडून बसला.

कारण कळलं तेव्हा हातपाय गळाले. शेऱ्याला आपण २५५ ची मर्यादा दिली होती. लॅटिन१ मध्ये एका चिन्हाला एक बाइट, म्हणून ते २५५ बाइट, आणि देवनागरीचं एक अक्षर, एक काना, एक मात्रा, प्रत्येकाला तीन बाइट लागतात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. त्यापुढचं डेटाबेसने गुपचूप कापलं. वॉर्निंग द्यायचा, पण ती पानावर कधी दिसलीच नाही. हा एक बघ, जसाच्या तसा:

"पान ११२ ते ११६ नाहीत. गोष्ट कळते. वाचकाला आधी सांगून मगच द्यावे, कारण मागच्या वेळी देशपांडे बाईंन"

पुढे दोन बाइट, तुटलेल्या वेलांटीचे. देशपांडे बाईंनी काय केलं रे? नाना असते तर हसत हसत सांगितलं असतं. २५५ ला थडकलेले शेरे शोधले, शंभराच्या वर निघाले. छोटे शेरे सगळे शाबूत आहेत, कापले गेले ते मन लावून लिहिलेले. तो कॉलम तसाच बायनरी ठेवलाय. तुटके बाइट छाटले की रूपांतर होईल, पण मला ते छाटवत नाहीत.

म्हणून विचारतो. नानांची ती लाल कापडी पुठ्ठ्याची वही, जिच्यावरून तू मोठ्याने वाचायचास आणि मी टाइप करायचो, ती शेवटी तुझ्याकडेच गेली ना? वहिनी म्हणाल्या होत्या, इचलकरंजीच्या घरी माळ्यावर एक खोकं आहे. तू तिकडे जाशील तेव्हा बघ. पुसू-झटकू नकोस, बांधणी सुटलेली होती. दाखल क्रमांकांची यादी सोबत पाठवतोय, तेवढ्या नोंदींचे फोटो काढ, समास पण येऊ दे. नाना समासात लिहायचे. मी त्यासाठी वेगळा टेक्स्ट कॉलम करून ठेवलाय, लांबलचक शेरेही आरामात बसतील.

नवी नोकरी कशी आहे? चिनूचे दात आले का? काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, कळव.

वहीचं आधी कळव.

तुझा,
सुध्या