अक्षांचा क्रम शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. समांतर अक्षांचे आलेख (डेटाचा प्रत्येक स्तंभ म्हणजे एक उभा अक्ष, प्रत्येक नोंद म्हणजे सगळ्या अक्षांना जोडणारी एक रेघ) कसे तपासायचे हे तुम्ही आमच्या गटाला रेघ न् रेघ दाखवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. असे आलेख काढणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल, म्हणून हे जाहीर पत्र.

सर्वांत मोठं ऋण अक्षांच्या क्रमाचं. या आलेखात नातं नीट दिसतं ते लगतच्या दोन अक्षांमधलंच. सहा अक्षांच्या जोड्या होतात १५, एका आलेखात दिसतात ५. उरलेल्या १० झाकलेल्याच. त्यावर तुम्ही दिलेले तीन क्रम: १-२-६-३-५-४, २-३-१-४-६-५ आणि ३-४-२-५-१-६. यांत प्रत्येक जोडी एकदाच शेजारी येते, एकही दुबार नाही. आणि पाठ करायचा तो फक्त पहिला! प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा, सहानंतर पुन्हा एक. पुढचे दोन क्रम आपोआप तयार.

सरावाला ३९८ मोटारींचा प्रसिद्ध डेटा घ्यायला सांगितलंत, तेही फार योग्य. त्यात वजन आणि मायलेज शेजारी ठेवले की रेघांची मोठी फुली पडते, कारण वजनदार गाडी कमी मायलेज देते. मायलेजचा अक्ष उलटा केला की त्याच रेघा बऱ्याच अंशी समांतर होतात. म्हणून उलट्या अक्षाच्या नावापाशी बाण हवाच, हा तुमचा आग्रह आम्ही नियमच केला आहे.

याच डेटात ६ गाड्यांची अश्वशक्ती नोंदलेली नाही. तिथे शून्य भरलं तर ४६ पासून सुरू होणारा अक्ष शून्यापर्यंत ताणला जातो आणि सहा रेघा तळाला आपटतात. त्या गाड्या वगळाव्यात आणि तसं आलेखाखाली लिहावं. सिलिंडरच्या अक्षावर वेगवेगळे आकडे पाचच, त्यामुळे रेघा पाच गाठींत अडकतात आणि कोणती कुठून आली ते कळत नाही. हे आकडे किंचित विखुरले की गाठ सुटते.

पांडाज या पायथनमधल्या डेटा-लायब्ररीचं असे आलेख काढणारं तयार फंक्शन सगळ्या अक्षांना एकच माप लावतं. पौंडांतलं वजन हजारांत, म्हणून बाकीचे स्तंभ तळाशी चिकटतात. आधी प्रत्येक स्तंभ ० ते १ मध्ये आणायचा, अक्षावर आकडे मात्र मूळचेच लिहायचे. रेघांची अपारदर्शकता (अल्फा) ०.१ च्या आसपास, म्हणजे रेघा बऱ्याच पारदर्शक.

सात अक्षांना चार क्रम लागतात आणि तीन जोड्या दुबार येतात. तेही क्रम मांडून पत्रासोबत पाठवत आहोत, तपासून द्यावेत ही विनंती.

आपले कृतज्ञ,
आलेख गट