ज्युलिएटची पत्रं, जुळे सोलापुरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंकाची मांडणी बदलल्यापासून शेवटच्या पानावरची चार-सहा ओळींच्या परदेशी किश्श्यांची चौकट दिसत नाही. ती परत द्यावी, एवढंच मागणं आहे. कारण मात्र जरा लांबचं आहे.

इटलीतल्या व्हेरोना गावी शेक्सपिअरच्या ज्युलिएटच्या नावानं लोक पत्रं पाठवतात. तिथला एक प्राध्यापक त्यांना उत्तरं लिहायचा. ही एवढीशी बातमी पेपरात आली, ती एल्विस कॉस्टेलो या इंग्लिश पॉप-रॉक गायकापर्यंत पोचली आणि त्यातून १९९३ साली ‘द ज्युलिएट लेटर्स’ हा अल्बम आला. सोबतीला ब्रॉडस्की क्वार्टेट हा चार वादकांचा संच. म्हणजे दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा एक व्हियोला आणि खर्जात वाजणारा मोठा एक चेलो. ड्रम नाही, गिटार नाही. वीस रचना, बहुतेक पत्रांच्या रूपात.

पुण्याच्या भाच्यानं मोबाईलवर लावून दिला तेव्हा मी फार मनावर घेतलं नव्हतं. सौ. उखळात शेंगाची चटणी कुटत होती, ती हात थांबवून म्हणाली, “हा माणूस भांडतोय कुणाशी?” तिथं माझे कान उघडले.

मी कित्येक वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतो. पेटीवाल्याचा धर्म एकच, गाणाऱ्याच्या मागं मागं जायचं. बुवांनी गाताना एखादी नाजूक जागा घेतली की आपण ती हळूच उचलायची, आपलं शहाणपण दाखवायचं नाही. सिनेमाच्या गाण्यात तर पन्नास व्हायोलिनं असली तरी ती मागं पडद्यासारखी टांगलेली. इथं ते चौघं गायकाला अडवतात, टोचतात, मध्येच त्याला एकट्याला सोडून देतात. चेलो तर सासऱ्यासारखा खालून गुरगुरतो. नंतर कळलं की गाण्यांचे शब्दही वादकांनी मिळून लिहिलेत, आणि कॉस्टेलोनं या लोकांशी बोलता यावं म्हणून पाश्चात्त्य स्वरलिपी लिहायला शिकून घेतली. नाव झालेल्या गायकानं! आमच्याकडं उलटं असतं, पण ते जाऊ द्या.

सगळंच आवडलं असं नाही. त्याचा गळा थरथरता, खरखरीत आहे, जोरात आला की कानाला लागतो. काही गाणी मी सरळ पुढं ढकलतो. पण आखाती युद्धावरच्या एका महिला सैनिकानं लिहिलेलं पत्र आहे, ते लागलं की चष्मा काढून बसतो. इंग्रजी निम्मंच कळतं, पण घरापासून लांब पडलेल्या माणसाचा सूर कळायला डिक्शनरी लागत नाही. दुसरं एक गाणं म्हणजे ‘पुन्हा अशी संधी नाही’ छापाचं जाहिरातीचं पत्र. ते ऐकताना मला आपल्या अंकातून रोज खाली पडणारी रंगीत पत्रकं आठवली, राग नसावा.

परवा गुरुवारी भजनात मीही धीर केला. बुवा वरच्या सुरात गेले तेव्हा मी मुद्दाम खालीच राहिलो, माझ्या सुरावर. बुवांनी अशा नजरेनं पाहिलं की उरलेला अभंग मुकाट्यानं मागं मागं वाजवला.

चौकटीचं तेवढं बघा.

आपला,
एक पेटीवाला वाचक, जुळे सोलापूर