तंबोऱ्याचा खर्ज जागेवर आणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. "ते राहू दे, आता आकडा काय दिसतोय ते वाच," म्हणता आणि विषय संपवता. म्हणून हे जाहीर पत्र. दोन यूएसबी उपकरणं एकाच लॅपटॉपला जोडून रेकॉर्डिंग करणारे माझ्यासारखे बरेच आहेत, त्यांच्याही ते उपयोगी पडेल.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तयार झालेले तंबोरे गिऱ्हाइकाला ऐकवण्यासाठी रेकॉर्ड करून देणं हे माझं काम, तुम्हाला माहीतच आहे. भोपळ्याशी एक माइक, तो इंटरफेसमधून, म्हणजे बाहेरच्या साउंड कार्डमधून येतो. तारांसमोर दुसरा, तो थेट यूएसबीचा. लिनक्सवर जॅक (आवाजाची ने-आण करणारा प्रोग्रॅम) चालतो इंटरफेसच्या घड्याळावर, आणि यूएसबी माइक अल्सा-इनच्या पुलावरून (दुसरं उपकरण जॅकला जोडून देणारा प्रोग्रॅम) आत यायचा. दोन्ही वेगवेगळे लावले की आवाज स्वच्छ. एकत्र लावले की मधूनच टक् व्हायचं, आणि त्याहून वाईट म्हणजे खर्ज छेडून सोडला की सूर किंचित लवायचा. भाषण असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तंबोऱ्याला सूर सोडून दुसरं काही नसतंच, तिथे लपवणार कुठे? ज्याला विचारावं तो म्हणे, नवीन कार्ड घ्या.

तुम्ही खर्चाचं नावही काढलं नाहीत. 'टक् कधी होतं त्या वेळा वहीत लिही' एवढंच सांगितलंत. ठरावीक अंतराने होत असेल तर दोन घड्याळांचा फरक. कसंही होत असेल तर आलेला आवाज उचलायला लॅपटॉप वेळेवर जागा होत नाही. आणि मग तुमचं ते एसटीचं उदाहरण: गाडी एखाद्या दिवशी दहा मिनिटं उशिरा आली म्हणून कुणी वेळापत्रक बदलत नाही, रोजच तेवढीच उशिरा येत असेल तर आपलं घड्याळ पुढे आहे.

मग तुम्ही हिशेब मांडून दाखवलात. दोन्ही उपकरणांवर 48000, म्हणजे सेकंदाला आवाजाची तेवढी सॅम्पल (मोजमापं), लिहिलेलं असलं तरी प्रत्येकात क्वार्ट्झचा स्फटिक वेगळा. 50 पीपीएमचा (दहा लाखांत 50) फरक धरला तर सेकंदाला 2.4 सॅम्पल, तासाला 8640, म्हणजे 0.18 सेकंद. पूल नुसता नळीसारखा असता तर 256 सॅम्पलचा बफर (साठा) पावणेदोन मिनिटांत संपला असता आणि टक् ठरल्या वेळी झालं असतं. माझ्या वहीतल्या वेळा मात्र अस्ताव्यस्त होत्या. म्हणजे फरक भरून काढण्याचं काम पूल करत होता. बिनसलं होतं ते जिटरमुळे, म्हणजे लॅपटॉपच्या जागं होण्याच्या वेळा मागेपुढे होत असल्याने.

सूर का लवतो याचं तुमचं उत्तर मला सगळ्यात आवडलं. एक सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) म्हणजे सुमारे 578 पीपीएम. घड्याळांतला 50 पीपीएमचा फरक भरून काढताना सूर बदलतो तो सेंटच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तो कुणाच्याही कानाला कळणार नाही. मला लवणं ऐकू येतंय, त्याअर्थी पूल आवाजाची चाल गरजेच्या कितीतरी पट जास्त पुढेमागे करतोय. लॅपटॉप उशिरा जागा झाला की पूल समजतो माइकचं घड्याळच मंदावलं, आणि त्यामागे धावतो.

मग तुम्ही मला अल्सा-इनऐवजी फॉन्स आद्रियान्सेन यांच्या झिटा पुलावर आणलंत. त्यांनी 2005 च्या लिनक्स ऑडिओ कॉन्फरन्समध्ये मांडलेली डिले-लॉक्ड लूपची कल्पना तुम्ही फोनवर उलगडून सांगितलीत: प्रत्येक जाग येण्याच्या वेळेवर विश्वास न ठेवता बऱ्याच वेळांवरून खरी चाल हळूहळू ओळखायची. झिटा-ए-टू-जे हा त्यांचा पूल व्हर्बोज (तपशील दाखवत) करून चालवला की दोन आकडे सरकत राहतात. पहिला लूपची सरासरी चूक, तो शून्याजवळ हवा. दुसरा गुणोत्तराची दुरुस्ती, तो एकाजवळ येऊन थांबायला हवा. माझा दुसरा आकडा लवकरच 1.00003 च्या आसपास बसला. पहिला मधूनच उसळी घ्यायचा. "वायफाय बंद कर आणि बघत राहा," तुम्ही म्हणालात. उसळ्या तिथेच निम्म्यावर आल्या. बाकीचं किरकोळ होतं: माइक हबवरून काढून वेगळ्या पोर्टला, सीपीयूचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर, ऑडिओ गटाला रिअलटाइम प्राधान्याची परवानगी, आणि यूएसबी माइकसाठी दोनऐवजी तीन पीरियड (बफरचे भाग).

सूर लवणं थांबलं, टक् थांबलं, कार्ड जुनंच आहे. एका कारागिरांना नवी आणि जुनी फाइल पाठोपाठ ऐकवली. कशामुळे काय झालं यात त्यांना रस नव्हता. जुनी ऐकून म्हणाले, 'ही माझ्या तंबोऱ्याची नव्हे.' ही दाद खरं तर तुमची आहे.

उशीर मात्र वाढला आहे. पुलावरून येणारा माइक काही मिलिसेकंद मागे पडतो, म्हणून सुरुवातीला एक टाळी वाजवून घेते आणि नंतर ट्रॅक सरकवते. पुलाला हा उशीर आधीच सांगून ठेवता येतो असं तुम्ही मागे म्हणाला होतात. तेवढं येत्या रविवारी फोनवर समजावून द्या. वही घेऊन बसते.

आपली कृतज्ञ,
मिरजेची पुतणी