मूठभर वाळू

आदरणीय सेन्सेई,

जपानच्या ओकिनावा बेटावरच्या नाहाहून परतून तीन आठवडे झाले. हे पत्र माझी दुभाषी मैत्रीण तुम्हाला जपानीत वाचून दाखवेल. पण माझ्या भाषेतल्या माणसांपर्यंतही तुम्ही पोचावं, म्हणून उघडपणे लिहितेय.

इथे सात वर्षं मी गोजू-र्यू ही कराटेची शैली शिकले. बेल्ट मिळत गेले. सान्चिन, म्हणजे श्वासावर बेतलेला हालचालींचा ठरलेला क्रम, तपासायचं म्हणून खांद्यांवर सणसणीत फटके बसायचे आणि ते सोसणं म्हणजेच कराटे, असं मी धरून चालले होते. डावं मनगट मोडल्यावर वर्गात परत गेले तेव्हा ‘आता ब्लॅक बेल्टचं विसरा, मॅडम’ एवढंच ऐकलं. तो अपमान अजून गेलेला नाही.

‘गो’ म्हणजे कठीण आणि ‘जू’ म्हणजे मऊ, हे तेवढं पाठ होतं. श्वास घेणं आणि सोडणं यातच कठीण-मऊ दोन्ही आहे, ही ‘बुबिशी’ या जुन्या ग्रंथातली ओळ तुम्ही वाचून दाखवलीत. हिगाओन्ना कान्र्यो चीनमधल्या फुझोऊला जाऊन शिकून आले, त्यांचे शिष्य मियागी चोजुन यांनी त्या ओळीवरून शैलीला नाव दिलं, 1921 मध्ये उघड्या तळव्यांची, मऊ ‘तेन्शो’ काता, म्हणजे तसाच हालचालींचा ठरलेला क्रम, रचली. मार खाऊ नये, कुणाला मारू नये, काही अघटित घडूच नये, हे त्यांचं सूत्र. त्यांचे शिष्य शिंझातो जिनआन 1945 च्या ओकिनावाच्या लढाईत गेले, हे सांगून तुम्ही बराच वेळ गप्प बसलात. ती लढाई झाली त्याच मातीवर आपण अनवाणी उभे होतो.

पण आभार मानायचे आहेत ते निगिरी-गामेसाठी. वाळू भरलेली ती दोन मातीची भांडी, नुसत्या बोटांनी काठाला धरून चालायचं. माझी पाळी आली. तुम्ही मनगटाकडे एकदा पाहिलंत. काही विचारलं नाहीत. खाली बसून डाव्या भांड्यातली दोन ओंजळी वाळू काढून बादलीत टाकलीत. मग उजव्यातलीही तेवढीच. उजवा हात तर धड होता! रात्री अंथरुणात उमगलं: चालताना मी एका अंगाला कलू नये आणि बघणाऱ्या कुणाला काही कळू नये. मी तोंडावर पांघरूण घेऊन रडले, सेन्सेई.

दुसऱ्याचा कमीपणा चारचौघांत झाकणारी माणसं मी पाहिली आहेत. माझी आजी तशी होती. पण ज्याच्या एका ठोशाने माणूस आडवा होईल, त्याच्या हातात ही माया असेल, असं मला वाटलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी तुम्ही बादलीतली एक मूठ वाळू परत टाकलीत. आधी डाव्यात, मग उजव्यात.

इथल्या कुंभाराकडून मी तशी दोन भांडी करून घेतली आहेत. सध्या रिकामीच उचलते.

तुमची विद्यार्थिनी