प्रोसेस कॅमेऱ्याची लेन्स भंगारात घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायचं कारण असं की पुण्यामुंबईतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या जुन्या ऑफसेट प्रेस एकेक करून बंद होतायत नाहीतर जागा बदलतायत, आणि खोली रिकामी करताना मागे धूळ खात पडलेला प्रोसेस कॅमेरा भंगारवाल्याला किलोवर दिला जातो. पुढच्या फळीवरची लेन्सही त्याच्याबरोबर जाते. ओळखीच्या एका प्रेसमध्ये हेच झालं, मला कळेपर्यंत कॅमेरा कापून झालेला आणि लेन्स कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना. फार वाईट वाटलं. म्हणून सगळ्या प्रेसवाल्यांना हात जोडून विनंती, बाकी काय करायचं ते करा पण लेन्स आधी काढून ठेवा.

नव्या पिढीला हा कॅमेराच माहीत नसेल म्हणून थोडं सांगतो. कॉम्प्युटरवरून थेट प्लेट निघायच्या आधी पानाचं पेस्टिंग व्हायचं, ते काचेखाली दाबून दोन्ही बाजूंनी आर्क लॅम्प लावायचे आणि लिथ फिल्मवर (नुसतं काळं-पांढरं कडक उमटवणाऱ्या फिल्मवर) मापात निगेटिव्ह काढायची, बऱ्याचदा आहे त्याच साइजमध्ये. रंगीत काम असेल तर लाल, हिरवा, निळा असे फिल्टर लावून वेगवेगळ्या निगेटिव्ह, आणि त्या सगळ्या केसभरही लहानमोठ्या होऊन चालायच्या नाहीत, नाहीतर रजिस्ट्रेशन गेलं, चेहऱ्याच्या कडेला लाल-निळी रेघ आलीच. म्हणून यातल्या बऱ्याच लेन्सेस अपोक्रोमॅटिक, म्हणजे तिन्ही रंग एकाच जागी फोकस करणाऱ्या. कोपऱ्यातलं अक्षर मधल्या अक्षराइतकंच कडक यायला पाहिजे आणि चौकटीची रेघ सरळच राहिली पाहिजे, या हिशोबानं बनवलेल्या. समोरचा कागद काही हलत नाही, उजेडही भरपूर, म्हणून मोठ्या अॅपर्चरची, म्हणजे उजेड आत यायच्या मोठ्या भोकाची गरज नव्हती, एफ ९, एफ १०, एफ ११ एवढंच (आकडा मोठा तितकं भोक लहान). रोडेनस्टॉकची अपो-रोनार, श्नायडरची जी-क्लॅरॉन, निकॉनची अपो-निक्कोर, अमेरिकेतल्या गर्ट्झची रेड डॉट आर्टार, ही त्यातली मोठी नावं.

आता मुद्दा असा की ४ बाय ५ किंवा ८ बाय १० इंचाची फिल्म लागणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्यांना नेमकी अशीच लेन्स लागते. "ती जवळच्या कामासाठी बनवलीय, लांबचा डोंगर कसा येणार" असं बरेच जण म्हणतात, पण अॅपर्चर एफ २२ पर्यंत बंद केलं की ती अनंताला, म्हणजे लांबच्या दृश्यालाही सुरेख चालते, आणि रोडेनस्टॉक, श्नायडर या कंपन्यांनी स्वतः याच लेन्सेस शटरमध्ये बसवून फोटोग्राफरना विकल्यात. फक्त कव्हरेज, म्हणजे लेन्स फिल्मवर केवढं वर्तुळ झाकते ते बघून घ्यायचं. त्याच साइजच्या कॉपीला लेन्स जेवढं वर्तुळ झाकते त्याच्या निम्मंच लांबच्या दृश्याला झाकते, त्यामुळे ३०० मिलिमीटर फोकल लेंग्थची अपो-रोनार ८ बाय १० ला कोपऱ्यात कमी पडते, ३६० ची घ्यावी लागते. जी-क्लॅरॉनचं तसं नाही, तिची २४० सुद्धा बंद केल्यावर ८ बाय १० झाकते.

शटर नाही ही खरी अडचण. जी-क्लॅरॉन २१० असेल तर पुढचा आणि मागचा भाग पितळी नळीतून फिरवून काढायचा आणि कोपल कंपनीच्या १ नंबरच्या शटरमध्ये बसवायचा, आटे तसेच जुळतात, लेथवर जायची गरजच नाही. बाकीच्यांना शटर नसलं तरी काम होतं, कारण फिल्मऐवजी ब्रोमाइड पेपर, म्हणजे फोटो छापायचा कागद लावला तर त्याचा स्पीड साधारण ६ आयएसओ धरतात, कडक उन्हात एफ ४५ ला सव्वा सेकंद एक्स्पोजर येतं, ते टोपण काढून आणि परत लावून आरामात देता येतं. काही जण एक्स-रेची फिल्म वापरतात, ती पेपरपेक्षा बरीच फास्ट पण स्वस्त पडते आणि गडद लाल दिव्यात डेव्हलप होते, दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर असतो म्हणून ओरखड्यांची काळजी घ्यायची एवढंच.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो डार्करूममधला उपयोग. आपल्याकडे जुन्या स्टुडिओवाल्यांच्या घरी माळ्यावर फुल प्लेट, हाफ प्लेटच्या काचेच्या निगेटिव्ह अजून पडून आहेत, लग्नांचे, नाटकमंडळींचे, शाळांचे ग्रुप. साध्या एन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्रात साडेसहा बाय साडेआठ इंचाची काच बसतच नाही. इथे प्रोसेस लेन्स कामाला येते, कारण दुप्पट-तिप्पट मोठं करणं हे तिचं घरचंच काम. ३०० ची लेन्स घेतली तर दुप्पट प्रिंटसाठी काच लेन्सपासून ४५ सेंटिमीटरवर आणि पेपर ९० सेंटिमीटरवर, एवढी जागा कुठल्याही खोलीत निघते. सबंध कॅमेराच शाबूत असेल तर आणखी चांगलं, फिल्मच्या जागी काच आणि तिच्या मागे दिवा लावला, समोरच्या कॉपीबोर्डवर, म्हणजे एरवी पान लावायच्या फळीवर पेपर लावला की आडवा एन्लार्जर तयार. उजेड कमी पडतो हे खरं, एफ ५.६ च्या लेन्सपेक्षा एक्स्पोजर अडीचपट जातं, पण ग्रुपमधल्या शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या पोराचा चेहरासुद्धा ओळखू येतो हो!

काढताना लेन्स नुसती पिळून काढू नका. ती ज्या चपट्या आटेवाल्या रिंगवर बसते ती फ्लँज स्क्रू सोडवून बरोबर काढा, कारण फ्लँज फळीवर राहिली आणि भंगारात गेली की नंतर तिच्यासाठी खास लेथवर काम करून घ्यावं लागतं आणि त्याला लेन्सइतकाच खर्च येऊ शकतो. नळीला मध्ये फिल्टर घालायची फट असेल तर काळी टेप लावा, तिथूनच धूळ आणि नको तो उजेड आत जातो. मागून टॉर्च मारून बुरशी बघा, आपल्या पावसाळ्यात ती धरतेच. आर्टार आणि अपो-रोनारमध्ये चारही काचा सुट्या असतात, चिकटवलेली एकही नाही, त्यामुळे डिंक सुटून खराब व्हायचा प्रश्नच येत नाही, इतक्या वर्षांनीही साफ केली की चालू.

संपादक साहेब, तुमच्या पेपरच्या जुन्या प्रेसमध्येही प्रोसेस डिपार्टमेंट असणारच. गोदामात एखादी लेन्स असेल तर ती कला महाविद्यालयाच्या फोटोग्राफी विभागाला किंवा काचेच्या निगेटिव्ह सांभाळणाऱ्या एखाद्या संस्थेला द्या, विकायची असेल तर फोटोग्राफरला विका, भंगारापेक्षा नक्की जास्त मिळेल. आणि या कॅमेऱ्यावर ज्यांनी काम केलंय ते कॅमेरामन अजून आहेत, त्यांना एकदा ऑफिसला बोलवून फोकस कसा घ्यायचे, फिल्टर कसे बदलायचे ते विचारून तुमच्या रविवारच्या पुरवणीत छापा.

कळावे,
तुमचा एक नेहमीचा वाचक, पुणे