भाच्याला लॅपटॉप देण्याआधी

इंदूर,
रविवार, सकाळ

प्रिय सुध्या,

विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले म्हणून नवा लॅपटॉप घेतलास, ठीक. पण जुना फॉरमॅट करून भाच्याला देतोयस म्हणे. थांब जरा! फोनवर तू नुसतं 'हो हो' करतोस, म्हणून लिहितोय.

गणपतीच्या आधी माझी काय फजिती झाली ते ऐक. तू पुण्याला गेल्यापासून मंडळाची स्मरणिका माझ्याच गळ्यात आहे. मशीन रेंगाळायला लागलं म्हणून जेल रोडवर एका दुकानात फॉरमॅटला दिलं. पोरानं विचारलं, "भिया, डाटा तो रखना है ना?" म्हटलं, हो बाबा, ठेव. डेटा अगदी शाबूत परत आला. घरी येऊन स्मरणिकेची फाइल उघडली तर अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांची रांगोळी! आपला तो जुना फॉन्ट आत रोमन चिन्हंच साठवतो; फॉन्ट असेल तरच त्यांचं मराठी दिसतं. फॉन्ट गेला होता. आणखी काय काय गेलं, तेही सांगता येईना, कारण यादीच केली नव्हती.

तू ती कर. फुकटात होते. तुझ्याकडे विनगेट, म्हणजे प्रोग्राम बसवणारं आणि त्यांची यादी देणारं साधन, बहुतेक आधीपासूनच असेल, मायक्रोसॉफ्टचंच आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या त्या काळ्या पडद्यावर, 'विनगेट लिस्ट' टाक, अर्थात रोमन लिपीत: winget list. सगळं बाड समोर येतं. त्यात 'व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल', म्हणजे इतर प्रोग्रामना चालायला लागणारं सामाईक सामान, पाच-सात वेळा दिसेल: 2008, 2010, 2013... एकच चीज पुन्हा पुन्हा आली असं समजून मी दोन उडवले आणि दुसऱ्या दिवशी स्कॅनरचा प्रोग्राम उघडेना. ज्या सालच्या हत्यारांनी प्रोग्राम घडवलेला असतो, त्याला बहुधा त्याच सालचं लागतं. हात लावू नकोस. आणि सेटिंग्जमध्ये साइज दिसते ना, तिच्यावरही फार विसंबू नकोस. बरेचदा तो आकडा प्रोग्रामच्या इन्स्टॉलरनेच रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, लिहून ठेवलेला असतो, प्रत्यक्ष फोल्डर कुणी मोजत नाही.

मग 'विनगेट एक्स्पोर्ट'. एक छोटी फाइल तयार होते. ती नव्या मशीनवर 'इम्पोर्ट' केली की प्रोग्राम आपोआप उतरायला लागतात. तू तोवर चहा घे. मेख एवढीच, की जे त्याच्या भांडारात नाही ते तो फाइलमध्ये घेत नाही, नुसती सूचना देतो. त्या सूचना आधी वहीत उतरवून घे, सीरियल नंबरसकट. हो, कागदाच्या वहीत! मी आता तेच करतो, हसायचं तर हस.

काळ्या पडद्याचा कंटाळा असेल तर बल्क क्रॅप अनइन्स्टॉलर घे. नाव आईसमोर घेण्यासारखं नाही, पण मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि नुसत्या फोल्डरमधून चालणारे, यादीत नाव नसलेले प्रोग्रामही बरेचसे हुडकून काढतो. काढून टाकलेल्यांचे उरलेसुरले अवशेषही दाखवतो. 'स्पीड दुप्पट' म्हणणारे क्लीनर मात्र तुझे तुलाच लखलाभ.

आता खरं काम. फॉन्ट या कुठल्याच यादीत येत नाहीत. आणि मंडळाने पावतीने घेतलेला तो फॉन्ट तू कार्यवाह असताना याच लॅपटॉपवर बसवला होतास. सी ड्राइव्ह, विंडोज, त्यात फॉन्ट्स, तिथे बघ. सापडला तर पेनड्राइव्हवर घे आणि दिवाळीला येताना घेऊन ये. तुझ्या काळातले सहाही अंक इथे रांगोळी होऊन पडलेत, आणि यंदाच्या अंकात जुन्यांतले निवडक लेख टाकू असं मी बैठकीत कबूल करून बसलोय.

काकूंना नमस्कार. भाच्याला म्हणावं, आठवडाभर कळ काढ.

तुझा,
मिल्या